२०११ची डिस्कव्हरी ४ रात्रभरात खाली बसते, चारही बलून बदलायचेच का?

संत्राबाग वरुड

राजेहो नमस्कार, जरा लांब लिहून रायलो, पण अर्धवट सांगितलं तर कोणी नीट सांगू शकणार नाही म्हणून एकदाच सगळं टाकतो.

गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, २०११ची, ३.० डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. मूळची दिल्लीची, तिकडं तेव्हा दहा वर्षांवरचं डिझेल चालू देत नव्हते म्हणून कमी पैशात भेटली, एनओसी आणून चार वर्षांआधी नावावर केली. आज १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. इंजिन चांगलं आहे, ऑइल मी वेळच्या वेळी बदलतो, तक्रार फक्त हवेच्या सस्पेन्शनची, म्हणजे हिच्यात स्प्रिंगच्या जागी चारही चाकांवर हवेचे रबरी बलून असतात त्याची.

पोळ्याच्या आठवड्यापासून सकाळी पाहतो तर गाडी समोरून खाली बसलेली. चालू केली की बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर घर्र वाजते अन् दोन-तीन मिनिटात वर येते. मी दुर्लक्ष केलं, ती चूक झाली. आता मागूनही बसते, वर यायला जास्त वेळ लागते, अन् मागच्या आठवड्यात बागेतून येताना पांदणीत ऑफरोड हाइट दिली तर वर गेलीच नाही, समोर पिवळा मेसेज आला की सस्पेन्शन फॉल्ट, नॉर्मल हाइट ओन्ली. बंद करून चालू केली की जातो, दहा-पंधरा किलोमीटरवर पुन्हा येतो.

शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी गाडी वर घेतली नाही, खाली वाकूनही पाहिलं नाही, चारही बलून अन् कॉम्प्रेसर मिळून साडेतीन लाख सांगितले. संत्र्याचा आंबिया बहाराचा माल तोडणीला आला आहे, मजूर लावायचे आहेत, एवढे पैसे आता एका झटक्यात गाडीत टाकता येत नाही.

घरचे म्हणतात स्प्रिंग टाकून मोकळा हो. पण ही गाडी घेतली तीच हवेच्या सस्पेन्शनसाठी. बाबाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, ट्रॅक्टरवर चढता येत नाही, बोलेरोतही दोघांनी धरून बसवावं लागते. हिचं बटन दाबलं की गाडी ५० मिलिमीटर खाली येते, ते दाराची मूठ धरून स्वतः बसतात अन् रोज बागेत चक्कर मारतात. ७४ वर्षांचे आहेत, बाग त्यांनीच लावली आहे. स्प्रिंग टाकली तर ते बंद होते, म्हणून शेवटचा उपाय म्हणूनच करीन. आधी काय तपासू ते सांगा, हातानं करता येईल तेवढं मी करतो.

पांदणरस्ता पुसद

दादा, माझी पजेरो २.८ आहे, हवेचं काही नाही तिच्यात, पण मेहुण्याच्या गाडीचं हेच झालं होतं म्हणून सांगतो. पहिलं काम म्हणजे चालवणं थांबवा. टाकी गळत असली अन् आपण मोटर चालूच ठेवली तर पाणी तर भरत नाहीच, वरून मोटर जळते, तसंच आहे हे. मेहुण्याचा एक बलून गळत होता, चार महिने तशीच फिरवली, शेवटी कॉम्प्रेसरही गेला. पहिल्याच महिन्यात पाहिलं असतं तर एकाच पार्टात निभावलं असतं. बाबांना तोवर दुसऱ्या गाडीत धरून बसवा पण ही उभी ठेवा.

वणी फोर बाय फोर

भाऊ, मी पुण्याले नऊ वर्षं अशाच गाड्यांवर काम केलं, आता वणीले माझं स्वतःचं गॅरेज हाये. साडेतीन लाख कोणाले देऊ नका, आधी गळते कुठून ते पाहू.

एक गोष्ट समजून घ्या मंग बाकी सगळं समजते. या गाडीचा सस्पेन्शनचा कॉम्प्युटर गाडी बंद केल्यावरही मधात मधात जागा होते अन् चारही कोपरे पाहते. एक कोपरा खाली गेला दिसला की बाकीच्या तिघांतली हवा सोडून त्याच्या बरोबरीत आणते, कारण वर उचलाले तेव्हा इंजिन चालू नसते. म्हणून गळते एकच बलून अन् सकाळी पाहणाऱ्याले वाटते की चारही गेले. तुमची आधी समोरून बसत होती अन् आता सगळी बसते याचा अर्थ चारही गेले असा नाई, समोरचा एक जास्त गळून रायला असा आहे.

म्हणून रात्री हे करा. गाडी सपाट जागी, घराच्या फरशीवर नाईतर गोदामात, नॉर्मल हाइटवर उभी करा. चारही चाकांच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा अन् कागदावर लिहा. मंग सस्पेन्शनचा फ्यूज काढा, कोणता ते हँडबुकात आहे. फ्यूज काढला की कॉम्प्युटर झोपला, आता तो बाकीच्या तिघांले खाली आणू शकत नाई. सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा खाली तो चोर. इथी बसून मी कितीही सांगितलं तरी त्या टेपएवढं खरं मी सांगू शकत नाई.

आता हात जोडून सांगतो ते ऐका. फ्यूज काढला असो की नसो, गाडीखाली हात-डोकं घालायच्या आधी चेसिसखाली लोखंडी स्टँड लावाच. नुसत्या जॅकवर नाई, अन् विटांवर तर कधीच नाई. अडीच टनाची गाडी हाये, हवेवर उभी हाये, पाईप निसटला तर आवाज यायच्या आत खाली येते. सस्पेन्शनच्या हवेच्या टाकीत १५ बारच्या आसपास दाबाची हवा असते, ट्रॅक्टरच्या टायरच्या कितीतरी पट, म्हणून कोणता पाईपही तसाच खोलू नका. पुण्याले आमच्याच इथल्या पोराची तीन बोटं अशीच गेली.

चिखलीकर

मी रेंज रोव्हर स्पोर्टला स्प्रिंग टाकली आहे, सस्पेन्शन जवळपास हेच. तीन वर्षं झाली, चिखली ते मेहकर रस्त्यावर रोज चालते, काही त्रास नाही. वाईट काय ते पण सांगतो. मागं चार कट्टे टाकले की मागून दबते, आधी दबत नव्हती. खड्ड्यात जरा टणक लागते. डॅशबोर्डवरचा लाइट बंद ठेवायला वेगळं मोड्यूल लावावं लागलं. आणि हाइट एकच राहते, खाली नाही की वर नाही. माझ्या घरी चढायला अडचण असलेलं कोणी नाही म्हणून मला जमलं. तुमच्या बाबांचं वाचलं, तुमच्या जागी मी असतो तर हवाच ठेवली असती.

संत्राबाग वरुड

वणीवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच्या तसं केलं. काल रात्री दहाला अन् आज सकाळी सहाला मोजलं, सेंटीमीटरमध्ये लिहितो.

समोर डावं रात्री ४६.१, सकाळी ३९.४.
समोर उजवं ४६.०, सकाळी ४५.४.
मागचे दोन्ही जवळपास जसेच्या तसे, दोन मिलिमीटरचा फरक, तो माझ्या टेप धरण्याचाही असेल.

म्हणजे एकटा समोरचा डावा. मला खरंच वाटत होतं चारही गेले. बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी टॉर्च धरला. आता बलूनच फाटला का अजून काही, हे कसं पाहू?

वणी फोर बाय फोर

झालं, आता काम सोपं हाये. डाव्या कोपऱ्यात तीन जागा. बलूनचं रबर, बलूनच्या डोक्यावर जिथी पाईप घुसते तो जोड, अन् पुढचा व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे बलूनची हवा सोडते-अडवते तो पार्ट.

साबणाचं पाणी घट्टसर करा, भांड्याचा लिक्विड साबण चालते. फवारणीचा पंप वापराल तर कोराच घ्या, तणनाशक मारलेला नको. फ्यूज लावून गाडी चालू करून ऑफरोड हाइटले न्या, जात असली तर. ती ५५ मिलिमीटर वर जाते अन् तेवढ्यात रबराची खालची घडी उघडते. हे महत्त्वाचं आहे, कारण रबर नेहमी त्या घडीतच चिरते, आपण नॉर्मल हाइटवर पाहतो तेव्हा चीर आत दबलेली राहते अन् बुडबुडा दिसत नाई, म्हणून पाहणारा म्हणते बलून ठीक हाये. वर गेली की स्टँड लावा, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवा, मंग डाव्या चाकाच्या मागून हात जाते. आधी जोडावर मारा, मंग घडीवर गोल गोल. बारीक फेस येईल, मोठा बुडबुडा नाई, मिनिटभर थांबून पाहा.

जोडावर फेस आला तर तुमचं नशीब चांगलं. हवा काढून पाईप सोडवायचा, टोक सेंटीमीटरभर धारदार ब्लेडनं सरळ कापायचं, तिरपं नाई, नवीन जोड लावायचा. घडीवर आला तर बलून बदला, त्याले पंक्चर लागत नाई, कोणी लावून देतो म्हणलं तर देऊ नका.

आपल्याकडं हे रबर लवकर काहून जाते ते पण सांगतो. एक तर वय, १४ वर्षांचं रबर कुठीही चिरतेच. दुसरं आपलं ऊन, मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत पत्र्याच्या शेडखाली गाडी दिवसभर. अन् तिसरी काळी माती. ओली असताना चिकटते, वाळली की त्या घडीत खडे होऊन बसते अन् गाडी वरखाली होते तसं घासते. पावसाळ्यात आठ दिवसांतून एकदा गाडी ऑफरोडले उचलून साध्या नळीच्या पाण्यानं चाकाच्या आतून धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप तिथी जवळून मारू देऊ नका, माती निघाच्या ऐवजी आत घुसते.

गोंदियाची डिस्को

दादा, माझी डिस्कव्हरी ३ आहे, नवेगावच्या बाजूला फिल्डवर जावं लागतं म्हणून ठेवली आहे, एकटीच चालवते त्यामुळं गाडीचं सगळं समजून घ्यावं लागलं. वणीच्या भाऊंचं सगळं बरोबर आहे, त्यात माझं थोडं.

गळका बलून सापडला तरी कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा स्विच, नवीन टाकाच. बोनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये असतो, सगळ्यात स्वस्त पार्ट आहे हा. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला की रिलेचे पॉइंट आतून चिकटतात, मग गाडी बंद केली तरी कॉम्प्रेसर चालूच. माझ्याकडं रात्री अकराला अंगणातून घर्र आवाज येत होता, मी बाहेर जाऊन रिले ओढून काढला म्हणून कॉम्प्रेसर वाचला. तुमचा एवढे दिवस धावला आहे, तर रिलेवर भरवसा ठेवू नका.

दुसरं म्हणजे बॅटरी. या गाड्यांना बॅटरी कमजोर झाली की सस्पेन्शनपासून हँडब्रेकपर्यंत सगळ्याचे मेसेज येतात आणि माणूस भलतेच पार्ट बदलत बसतो. रात्रभर उभी राहून सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १४ च्या जवळ दाखवली पाहिजे. साधं मीटर बाजारात मिळतं.

आणि तुमचा दहा-पंधरा किलोमीटरवर मेसेज येतो ना, ते मला कॉम्प्रेसर तापून बंद पडण्यासारखं वाटतं. गरम झाला की कॉम्प्युटर त्याला स्वतःहून थांबवतो, थंड झाला की चालतो. तो गेलाच आहे असं लगेच समजू नका. आधी गळती बंद करा, मग पाहा. बदलायची वेळ आलीच तर जुना हिताची कंपनीचा आहे की नंतरचा एएमके कंपनीचा ते पाहून घ्या, कारण हिताचीच्या जागी एएमके टाकला तर कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर पण अपडेट करावं लागतं, नाहीतर नवीन कॉम्प्रेसरवर पण फॉल्ट दाखवतो आणि विकणारा हे आधी सांगत नाही.

वणी फोर बाय फोर

ताई बरोबर बोलल्या, रिले मी विसरलोच होतो.

अजून एक, कॉम्प्रेसरमध्ये ड्रायर असते, दाण्यांचा डबा समजा, तो हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी नेहमीसारखी खाली येते तेव्हा कोरडी हवा त्याच दाण्यांतून उलटी बाहेर जाते अन् दाणे पुन्हा वाळतात. गळक्या गाडीत हवा बलूनमधून परस्पर निघून जाते, दाण्यांतून जातच नाई, अन् कॉम्प्रेसर मात्र पावसाळ्याची ओली हवा आत ओढत राहते. मंग दाणे भिजून त्यांची पांढरी भुकटी होते अन् व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसते. तुमचा पोळ्यापासूनचा पावसाळा गळक्यात गेला, म्हणून बलूनसोबत ड्रायर खोलून पाहाच.

संत्राबाग वरुड

घडीवरच फेस आला. ऑफरोडला उचलायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, मग गेली एकदाची. समोरच्या डाव्याला आतल्या बाजूनं, म्हणजे उभ्या माणसाला कधीच दिसणार नाही अशा जागी, तीन बोटं रुंद पट्ट्यात बारीक फेस. जोड कोरडा. मागचे दोन्हीही पाहिले, त्यांच्यावर काहीच नाही. समोरच्या उजव्यालाही घडीत बारीक चिरा दिसतात पण फेस नाही. बॅटरी मोजली, सकाळी १२.१ होती, म्हणजे तीही म्हातारी झाली. एक बलून टाकू की समोरचे दोन्ही? पैशाचं आधीच सांगितलं आहे.

वणी फोर बाय फोर

चिरा दिसत असल्या तर दोन्ही टाका, नाईतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हीच कथा. मजुरी पण एकदाच लागते. मागच्यांले हात लावू नका. बॅटरी मात्र या सगळ्याच्या आधी.

तुम्ही ज्याच्याकडून बसवाल त्याले दोन गोष्टी तोंडावर सांगा. गाडीच्या कॉम्प्युटरले स्कॅनर लावून नवीन बलूनमध्ये आधी हवा भरायची अन् मंगच गाडीचं वजन त्याच्यावर टाकायचं. रिकाम्या बलूनवर गाडी ठेवली तर रबर वाकडं दुमडते अन् नवा कोरा पार्ट पहिल्या दिवशीच खराब होते. दुसरं, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे बुशचे, म्हणजे रबरी जोडाचे, बोल्ट गाडी लटकलेली असताना पक्के करायचे नाई. गाडी नॉर्मल हाइटवर चाकावर उभी राहिली की मंग शेवटचा पाना. लटकत्या गाडीत कसले तर बुशचं रबर पिळून बसते अन् सहा महिन्यांत खडखड वाजाले लागते. मंग लोक म्हणतात नवीन बलून टाकल्यापासून गाडी वाजते.

जमलं तर वणीले या, दोन दिवसांचं काम हाये. नाई जमलं तर तिकडंच करा, फोटो टाका, मी पाहतो.

पांदणरस्ता पुसद

वरुडहून वणी लांब पडते, चालवत येऊ नका दादा, गाडीवर चढवून आणा. टोचन करून तर आणूच नका, ऑटोमॅटिक फोर बाय फोर आहे, दोन चाकं खाली फिरली तरी गिअरबॉक्सचं नुकसान होते.

संत्राबाग वरुड

उशीर झाला लिहायला, तोडणीत अडकलो होतो.

गाडी ट्रकवर चढवून वणीला नेली. समोरचे दोन्ही बलून, रिले, बॅटरी नवीन. ड्रायर खोलला तर दाणे ओले, पण भुकटी झाली नव्हती, व्हॉल्व्ह ब्लॉक स्वच्छ निघाला. कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंग झिजली होती, ती अन् दाणे बदलून तोच कॉम्प्रेसर परत बसवला. भाऊंनी मला पूर्ण वेळ बाजूला उभं ठेवलं अन् प्रत्येक पार्ट हातात देऊन दाखवला. शहरात सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत सगळं झालं.

आता नॉर्मलवरून ऑफरोडला मिनिटाच्या आत जाते. फ्यूज काढून दोन रात्री पुन्हा मोजलं, चारही कोपऱ्यांत टेपवर फरक दिसत नाही. पांदणीत अजून चिखल आहे, तिथंही नेली, चिखलाचा मोड देऊन आरामात निघाली, मेसेज नाही. बाबा सकाळी सातला बागेत जाऊन आले, स्वतः बसले, स्वतः उतरले.

एक राहिलं. भाऊंनी विचारलं होतं की इंजिनातला टायमिंग बेल्ट कधी बदलला, मला माहीत नव्हतं. आधीच्या मालकाची फाइल शोधली, बेल्टचं बिलच नाही त्यात.

वणी फोर बाय फोर

बिल नाई म्हणजे बदलला नाई असंच धरा. बेल्टले किलोमीटरसोबत वर्षांची पण मर्यादा असते, १४ वर्षांत रबर गेलंच समजा. अन् या इंजिनात बेल्ट दोन हायेत, समोरचा टायमिंगचा अन् मागच्या बाजूनं डिझेल पंपाचा. बरेच जण समोरचा बदलतात अन् मागचा तसाच सोडतात कारण तिथी हात जात नाई. दोन्ही सोबत करा. समोरचा तुटला तर व्हॉल्व्ह अन् पिस्टन आपटतात, मंग इंजिनचाच खर्च येते.

त्याच वेळेस गिअरबॉक्सचं तेल. ते आयुष्यभर चालते असं सांगतात पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजारात बदलाले सांगते, तुमचे १ लाख ४० झाले. गिअरबॉक्सच्या खालचं तेलाचं तबकच प्लास्टिकचं असते अन् फिल्टर त्याच्यातच बसवलेला, म्हणून तबकासकट नवीन घ्या, नुसतं तेल काढून टाकू नका.

माल विकला की फोन करा. तोवर चालवा पण लांब हायवेले नेऊ नका, बागेपुरती ठेवा.

संत्राबाग वरुड

ठीक आहे भाऊ. दिवाळीनंतर आणतो, दोन्ही बेल्ट अन् तबक तुम्हीच मागवून ठेवा, चेसिस नंबर मेसेज करतो.